इंग्रजीत तुलना लिहिताना 'लाइक' कुठे आणि 'अ‍ॅज' कुठे? उपमा हमखास का चुकतात?

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून शिकलात, बोलताना निभावतं, पण लिहायला बसलं की 'लाइक' आणि 'अ‍ॅज'मध्ये गाडी अडते. एखादी सोपी खूण आहे का? आहे, आणि ती मराठीच्या तासाला शिकून झालीय.

उपमा अलंकार आठवा. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म. मार्कांपुरतं घोकलेलं हे प्रकरण मला इंग्रजी लिहितानाच खरं उपयोगी पडलं. साधारण धर्म, म्हणजे दोघांमधला सारखा गुण, वाक्यात सांगितलाय का ते बघा. सांगितला असेल तर तो दोन 'अ‍ॅज'च्या मध्ये बसतो: 'हिज हँड्स वेअर अ‍ॅज कोल्ड अ‍ॅज आइस'. गुण सांगितलाच नसेल तर 'लाइक': 'हिज हँड्स वेअर लाइक आइस'. आणि मराठीत जिथे 'जणू काही' येतं, म्हणजे आपली उत्प्रेक्षा, तिथे 'अ‍ॅज इफ'.

आपला 'सारखा' ही सगळी कामं एकटा करतो, घोळ तिथेच होतो. शिवाय 'म्हणून' आणि 'सारखा' यांतला फरक इंग्रजीत पाळावाच लागतो. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात मी ऐटीत लिहिलं होतं, 'आय वर्क्ड लाइक अ सुपरवायझर फॉर टू इयर्स'. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे सुपरवायझर नव्हता, नुसतं तसं वागत होता?" मी खरोखर सुपरवायझर होतो हो! 'अ‍ॅज अ सुपरवायझर' हवं होतं. 'अ‍ॅज' म्हणजे त्या पदावर, त्या नात्याने. 'लाइक' म्हणजे त्याच्यासारखा, पण तो नव्हे.

पुढे कर्ता-क्रियापदासकट वाक्य येत असेल तर लेखी इंग्रजीत 'अ‍ॅज' ठेवा: 'डू अ‍ॅज आय से'. 1954 साली अमेरिकेत विन्स्टन सिगारेटच्या जाहिरातीत 'लाइक अ सिगारेट शुड' असं आलं, तेव्हा व्याकरणवाल्यांनी केवढा गहजब केला होता. आता बोलताना कुणी हिंग लावून विचारत नाही, पण अर्ज आणि निबंध तपासणारे अजून विचारतात.

दुसरी चूक जास्त छुपी. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा कोरडी' हे मराठीत झकास चालतं. इंग्रजीत 'द क्लायमेट ऑफ पुणे इज ड्रायर दॅन मुंबई' लिहिलंत तर हवेची तुलना थेट शहराशी झाली. 'दॅन दॅट ऑफ मुंबई' हवं. उपमेय आणि उपमान एका जातीचे आहेत ना, एवढं बघायचं.

'पेक्षा' दिसलं की 'दॅन' ठोकायचं, हीही सवय सोडा. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून आलेले शब्द 'टू' घेतात. आणि 'मोअर बेटर' नको. 'बेटर'मध्ये 'अधिक' आधीच आहे.

आता उपमानाबद्दल, माझा आवडता भाग. व्याकरण बिनचूक असूनही उपमा फसते, कारण प्राणी-पक्षी भाषेबरोबर स्वभाव बदलतात. 'कोकिळेसारखा आवाज' म्हणून 'शी सिंग्ज लाइक अ कुक्कू' लिहिलंत, तर गाणारीची थट्टाच होईल, कारण 'कुक्कू' हा शब्द तिकडे वेडसर माणसालाही वापरतात. सरोजिनी नायडू इंग्रजीत 'नाइटिंगेल ऑफ इंडिया' आणि आपल्याकडे भारतकोकिळा. भाषा बदलली तसा पक्षीही बदलला. (खरं तर कुहूकुहू करतो तो नर, पण ते राहू दे.) घुबडाचं उलटं: आपल्याकडे अपशकुनी, तिकडे शहाणं. आणि 'चंद्रासारखा चेहरा' शब्दशः नेलात तर वाचणाऱ्याला गोल गरगरीत, सुजलेला चेहरा दिसतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फुगलेल्या चेहऱ्याला डॉक्टर 'मून फेस'च म्हणतात.

पाठ केलेल्या यादीतलं 'अ‍ॅज बिझी अ‍ॅज अ बी' व्याकरणाने बरोबर आहे, पण वाचणाऱ्याची नजर त्यावरून नुसती घसरते. मी त्यापेक्षा 'अ‍ॅज पॅक्ड अ‍ॅज अ मॉर्निंग लोकल फ्रॉम डोंबिवली' लिहीन. परदेशी वाचकाला डोंबिवली कळणार नसेल, तर 'फ्रॉम डोंबिवली'च्या जागी 'इन मुंबई' घालायचं.