अडलं तिथं लिही

पुणे, जूनचा दुसरा आठवडा

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. रुजू होऊन तुला महिनाही झाला नाही, तेवढ्यात सोनोग्राफी मशीन, सोलर, दोन स्टाफ नर्स, नवजात बाळांसाठी नवा वॉर्मर, लेबर रूमला एसी असं सगळं तू कागदावर मांडलंस आणि खाली लिहिलंस, "मॅडम, पैसे कुठून आणायचे?"

पैशांचं सांगते. पण आधी त्या यादीविषयी बोलू. ती वाचताना मला तू शिकलीस ते कॉलेज दिसलं, तुझं आरोग्य केंद्र दिसलं नाही. सोनोग्राफीला गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याखाली, म्हणजे पीसीपीएनडीटीची, नोंदणी लागते आणि ते मशीन चालवायला पात्र डॉक्टर लागतो. उद्या कुणी मशीन दिलंच, तरी ते खोक्यातच राहील. ही यादी बाजूला ठेव आणि घोडेगावच्या बाजारातून एक दोनशे पानी वही आण. एखाद्या रुग्णासाठी जे करायला हवं होतं ते करता आलं नाही, असं जेव्हा जेव्हा होईल तेव्हा त्याच दिवशी चार ओळी लिही. तारीख, काय अडलं, रुग्ण पुढे कुठे गेला, आणि कशामुळे अडलं: वस्तू नव्हती, माणूस नव्हता, हाताला सराव नव्हता, की कागद झाला नव्हता. या चारांपैकी एक शब्द समासात. तीन महिने एवढंच कर.

मी ही वही उशिरा सुरू केली. का, ते सांगते.

२००९ चा एप्रिल होता. मी दुसऱ्या तालुक्यात होते. दुपारी तीनच्या सुमारास एक बाळंतपण सुखरूप झालं आणि मग रक्तस्राव थांबेना. ऑक्सिटोसिन दिलं, पुन्हा दिलं, पोट चोळत राहिलो, पण गर्भाशय आकसेना. गाडी मिळून ती वरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत अडीच तास गेले. बाई वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. वय बावीस. रात्री परत येऊन मी लेबर रूममध्ये एकटीच बसले, तेव्हा ट्रेमधल्या अँप्यूलकडे लक्ष गेलं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आमचं महिनाभर पत्र्याखालच्या खोलीत, उघड्या ट्रेमध्ये पडून होतं. आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या फ्रिजमध्ये, लसींशिवाय काही ठेवायचं नाही हा नियम, आणि दुसरा फ्रिज नव्हता. औषध उन्हानं निकामी झालं होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तो विचार माझ्या मनातून आजतागायत गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी रोकड वही काढली. रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात एक लाखाच्या वर रक्कम शिल्लक होती. घरगुती फ्रिज दहा हजारांच्या आत आला असता. दोन वर्षांत कुणी मागितला नव्हता, मीही नाही. "फंड नाही" हे वाक्य मी स्वतः कितीतरी बैठकांत बोलले होते.

म्हणून तुला पहिलं काम देते: आधी शिल्लक बघ. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान (एनआरएचएम) २००५ साली आलं तेव्हापासून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला पावणेदोन लाखांची रचना ठरली: २५ हजार अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचे, ५० हजार देखभाल-दुरुस्तीचे आणि एक लाख रुग्ण कल्याण समितीचे. पुढे नावं बदलली, आकडे बदलत राहिले, खाती पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर गेली. तालुक्याच्या लेखापालांसोबत बसून चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचना ओळीनं वाच. त्यांना चहा पाज, घाई करू नकोस. निधीची वाट ज्यांना तोंडपाठ असते असे तेच असतात, आणि त्यांच्याकडे शिकायला सहसा कुणी जात नाही.

मग समितीची बैठक लाव. विषयपत्रिका, ठराव, तीन दरपत्रकं, खरेदी, साठा नोंदवहीत नोंद, उपयोगिता प्रमाणपत्र. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल. पण यातला एक कागद राहिला की पुढच्या वर्षीचा हप्ता अडतो, आणि तुझ्यानंतर येणारा डॉक्टर ऑडिटच्या भीतीनं पैशाला हात लावत नाही. पडून राहिलेल्या निधीमागे मी चोरीपेक्षा ही भीतीच जास्त वेळा पाहिली आहे. मोडक्या वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे त्या नोंदीतून काढून टाकणं, हेही याच बैठकीत घे. कागदावर तीन वॉर्मर आणि प्रत्यक्षात एकही चालू नाही, अशा ठिकाणी चौथा मिळत नसतो.

गावांचा पैसा वेगळा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला गावामागे दहा हजार येतात. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला ७०,०५१ कोटी देशभरासाठी ठेवले. तुझ्या भागातली कितीतरी गावं पेसात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांच्या कायद्यात, आहेत, त्यांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून थेट मिळतो. शिवाय घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय तुझ्या वाटेवरच आहे. उपकेंद्राची पाण्याची टाकी, वाडीपासून रस्त्यापर्यंत रुग्ण आणायची सोय, हे विषय ग्रामसभेत मांड. तिथे इंग्रजी बोलू नकोस आणि टक्केवारी तर नकोच. "गेल्या पावसाळ्यात या वाडीतून तीन बाया डोलीतून आणल्या" एवढं वहीतलं वाच. सरपंच मान्य करतात, कारण त्या बाया त्यांच्या ओळखीच्या असतात.

जिल्ह्याकडे मागायचं ते दिवाळीच्या आसपास. पुढच्या वर्षाचा पीआयपी, म्हणजे आरोग्य अभियानाचा खर्चाचा आराखडा, तेव्हा आकार घेऊ लागतो, मार्चमध्ये पाठवलेलं पत्र फाईलला लागतं. तुझा सरकारी सेवेचा बॉण्ड वर्षाचाच आहे, हे मला माहीत आहे. दिवाळीत मागितलेली गोष्ट येईल तेव्हा तू कदाचित पीजीच्या तयारीत असशील. तरी माग. माझ्या लेबर रूमला मिळालेला जनरेटर माझ्याआधीच्या डॉक्टरांनी मागितला होता. त्यांना मी कधी भेटले नाही.

कंपन्यांकडे जावं का, असं तू विचारलंस. जावं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि चाकणची औद्योगिक वसाहत तुझ्यापासून फार लांब नाही. पण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या (डीएचओ) परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस, आणि देणगी थेट तुझ्या हातात घेऊ नकोस. मशीन मागताना पाच वर्षांची देखभालही त्याच पत्रात माग. ती द्यायला तयार नसतील तर मशीनला नम्रपणे नाही म्हण. फोटो काढून झाल्यावर बंद पडलेली उपकरणं ज्या खोलीत ढकलून ठेवतात, तशी खोली मी जवळपास प्रत्येक केंद्रात पाहिली आहे. मला विचारशील तर तुझ्या केंद्रासाठी पहिलं मागायचं ते सोलर, तेही लेबर रूम आणि लसींच्या शीतसाखळीपुरतं. तुझी वही काही वेगळं म्हणाली तर तिचं ऐक.

आता प्रशिक्षण. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या वहीच्या समासात तीन महिन्यांनी जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला तो "सराव" होता. माझा अंदाज होता "वस्तू" येईल.

भातलावणी तोंडावर आली आहे, म्हणून सर्पदंशच घे. घोणस आणि फुरसं रक्त गोठू देत नाहीत. हे ओळखायला लागते एक काचेची, नवी, स्वच्छ, कोरडी परीक्षानळी. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग तिरपी करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय. नळी प्लॅस्टिकची असेल, किंवा साबणानं धुतलेली असेल, तर चाचणी फसवते. काही रुपयांची ही वस्तू. पण ती साबणानं धुवायची नाही हे तुझ्या केंद्रातल्या मदतनीस मावशींना माहीत आहे का? नाग आणि मण्यार या चाचणीत सापडत नाहीत, तिथे पापण्या बघायच्या. जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोटात दुखतंय म्हणून आणलं आणि डोळे मिटत चाललेत, तर आधी मण्यार आठव. प्रतिसर्पविषाच्या सुरुवातीच्या दहा कुप्या, मुलाला आणि मोठ्याला सारख्याच. अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवल्याशिवाय पहिली कुपी सुरू करायची नाही. हे औषध हाफकिनच्या पिंपरीच्या आवारात, आपल्याच जिल्ह्यात बनत आलं आहे. तुझ्या कपाटात किती कुप्या आहेत आणि औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीत, ई-औषधीवर, किती दिसतात, हे दोन आकडे आजच जुळवून बघ.

सिस्टरांना एसबीएचं, म्हणजे कुशल बाळंतपणाचं, एकवीस दिवसांचं प्रशिक्षण झालं असेल तर प्रमाणपत्राची तारीख विचार. आठ वर्षांपूर्वीचं असेल तर हात विसरले असतील, त्यात त्यांचा दोष नाही. ज्या केंद्रात महिन्याला तीन बाळंतपणं होतात तिथे हात तयार राहतील कसे? मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाशी बोलून एकेकीला आठवडाभर तिथल्या लेबर रूममध्ये पाठवता येतं का बघ, तोपर्यंत तिच्या ड्यूटी तू वाटून घे. केंद्रात रोज दहा मिनिटं सराव ठेव. कापडी बाहुली, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा असतो, आणि त्या मिनिटात पुस्तक उघडता येत नाही. या सरावात तूही चूक सगळ्यांसमोर कर आणि सगळ्यांसमोर सुधार. मॅडम चुकतात हे दिसल्यावरच धाकटी परिचारिका (एएनएम) "मला हे येत नाही" म्हणायला धजते.

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर तज्ज्ञ मिळतात, त्याचा संकोच न करता वापर कर. रविवारी पुण्याला येशील तेव्हा एकदा शिरूर तालुक्यात वढूलाही जाऊन ये. डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम शहराबाहेर नेलं ते तिथे. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं राहतं, हे त्यांनी करून दाखवलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. आणि घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर. एमडी आपल्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधूनच केलेलं. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी लॅन्सेटमधून जगाला सांगितला, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या शोधामागे मोठी प्रयोगशाळा नव्हती, खाटेशेजारी बसून केलेल्या बारीक नोंदी होत्या. वहीचा आग्रह मी उगाच धरत नाही.

आशाताईंविषयी एकच पण ठामपणे: त्यांच्या मोबदल्याचे कागद तुझ्या टेबलावर एक रात्रही राहू देऊ नकोस. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा त्या घरी जातात, चढ चढून, पावसात. त्याचे अडीचशे रुपये. त्या भेटींची कल्पना गडचिरोलीत सर्च या संस्थेच्या कामातून आली आणि देशभर पोहोचली. सही करायला डॉक्टर नव्हते म्हणून ते अडीचशे तीन महिने लांबलेले मी पाहिलेत, आणि नंतर त्याच ताईंच्या भेटी कमी झाल्या म्हणून बैठकीत त्यांना बोललेलंही ऐकलंय. ते ऐकून मी गप्प बसले होते, याचं वाईट वाटतं.

साधनं म्हणजे मशीनच नव्हे, हे तुला एव्हाना कळलं असेल. रात्रपाळीच्या सिस्टरच्या खोलीला आतून धड कडी आहे का? बाथरूमला दिवा आहे का? स्टाफ नर्स टिकत नाहीत असं तू लिहिलंस. नवी मागण्याआधी आहे तिला शेजारी बसवून विचार.

लोकांच्या तक्रारींना भिऊ नकोस. २००७ मध्ये सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांची लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होतं. जनसुनवाईत मला चारशे माणसांसमोर उभं करून विचारलं गेलं, एक्स-रेसाठी रुग्णाला बाहेर का पाठवता, रात्री दार का उघडत नाही. मी रडकुंडीला आले होते. पण त्या सुनवाईचं इतिवृत्त जोडून पाठवलेलं रिक्त पदाचं पत्र सहा आठवड्यांत हललं. आधीची माझी चार पत्रं दीड वर्ष पडून होती.

पाऊस सुरू होतोय. माळीण २०१४ च्या जुलैत गेलं ते तुझ्याच तालुक्यातलं, त्यामुळे दरड आणि बंद रस्ता या गोष्टी तुला समजावून सांगायला नकोत. जुलै ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायांची वाडीवार यादी या आठवड्यात कर. प्रत्येकीपुढे रस्ता बंद झाला तर ती कुठे थांबेल आणि कोण आणेल हे लिही.

पुढच्या गुरुवारी मी वाकडेवाडीहून सकाळची भीमाशंकर गाडी पकडते. येताना काचेच्या परीक्षानळ्यांचं एक खोकं आणते. रोकड वही आणि मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त काढून ठेव. फार्मासिस्ट दादांना दुपारी दोनपर्यंत थांबायला सांग, आणि तुमच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का ते आजच बघून मला कळव. नसेल तर तेही घेऊन येते.

तुझी,
मॅडम