गोष्टींत आणि गेममध्ये पुन्हा पुन्हा येणारे ट्रोप ओळखायचे कसे, आणि त्यांना नावं कशी द्यायची?

तुमचा प्रश्न असा की कादंबरी वाचताना किंवा गेम खेळताना 'हे आधी कुठेतरी पाहिलंय' असं वाटतं, पण तो ट्रोप, म्हणजे गोष्टीगोष्टींत पुन्हा पुन्हा येणारा साचा, नेमका कुठला आणि त्याला म्हणतात काय, ते सांगता येत नाही. माझं सरळ मत: ओळखायला तुम्हाला येतंच. आधी पाहिल्यासारखं वाटलं तिथेच ते काम झालं. राहिली नावं, आणि त्यांचं एवढं काही अडत नाही. भरपूर नावं पाठ असलेल्या माणसाने एका चांगल्या गोष्टीची कशी वाट लावली ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे लांबण.

आधी तुमच्या कामाचं सांगते. गेममध्ये लांबलचक रिकामी वाट लागते, कोपऱ्यात औषधाच्या दोन-चार पेट्या, गरजेपेक्षा जास्त गोळ्या, आणि दारापाशी सेव्ह पॉइंट, म्हणजे खेळ जतन करायची जागा. कुणी अवाक्षर काढलेलं नसतं, तरी आपण खुर्चीत सावरून बसतो, कारण पलीकडे बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आहे हे कळलेलं असतं. असं पुढचं आधी कळलं की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, मला हे कशावरून कळलं? ज्या खुणेवरून कळलं तिच्या आसपास ट्रोप असतो. मग त्या जागेचे कपडे बदलून बघायचे. गोळ्यांऐवजी बाण, वाटेऐवजी जंगल, बॉसऐवजी राक्षस. तरीही छातीत तेवढंच धडधडत असेल तर साचा सापडला. शेवटी तो भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि काय कोसळतं ते बघायचं. जे कोसळेल ते त्याचं काम. नाव द्यायचंच असेल तर त्या कामावरून द्या, दिसण्यावरून नको.

ही काही माझी अक्कल नाही. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने 1928 साली शंभरेक रशियन परीकथा घेऊन नेमकं हेच केलं. कुठे राजा घोडा देतो, कुठे म्हातारी अंगठी देते. प्रॉप म्हणाला, देणारा कोण आणि वस्तू कोणती हे सोडा, 'नायकाला जादूची वस्तू मिळते' एवढंच धरा. अशा 31 क्रिया त्याला मिळाल्या, आणि त्या सगळ्या नसल्या तरी ज्या येतात त्या साधारण त्याच क्रमाने येतात. 'मनाई' आणि 'मनाई मोडणं' ही त्यातली जोडी तर आपल्याला सीतेच्या रेषेपासून ठाऊक आहे. दुसरी तऱ्हा अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसनची. त्याने 1932 ते 1936 या काळात लोककथांतल्या आकृतिबंधांची सहा खंडांची सूची काढली, निषिद्ध गोष्टींना एक अक्षर, जादूला दुसरं, मेलेल्यांना तिसरं. ती शोधायला उत्तम, पण वाचून गोष्ट कळत नाही. सगळ्या नाव-याद्यांचं थोडंफार असंच होतं.

आता माझी गोष्ट. मी गोव्यातल्या पेडण्याकडची. पर्वरीच्या एका लहान गेम कंपनीत संवाद लिहायला होते. गेम आमच्याच मातीतला होता: तेरेखोल नदीच्या काठचं गाव, बांध फुटून खाजनात, म्हणजे बांधाआडच्या शेतजमिनीत, खारं पाणी शिरतंय, भरतीच्या आधी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बंद करायला एक मुलगी रात्री एकटी निघते. स्क्रीनवर जवळजवळ काळोख. वाट कळते ती राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, काठीच्या घुंगरांवरून. आवाज उजव्या कानात आला की उजवीकडे वळायचं, मंद झाला की तुम्ही चुकलात. तो बोलत नाही, शिकवत नाही. कांबळ, वहाणा, काठी, बस्स. आणि गावच्या शिवेपाशी घुंगरं थांबतात. तिथून पुढे मानसापर्यंत फक्त पाण्याचा आवाज. मला तो शेवट फार आवडत होता, अजूनही आवडतो.

आमच्या सीनियरांकडे एक शीट होती. डाव्या रकान्यात पात्रं आणि प्रसंग, मधल्यात ट्रोपचं नाव, उजव्यात लाल-हिरवा-पिवळा रंग. लाल म्हणजे घिसंपिटं. राखणदारासमोर त्यांनी लिहिलं 'ज्ञानी म्हातारा मार्गदर्शक', आणि खण लाल केला.

"अगं, दाढी, काठी, घोंगडी. हजारदा झालंय हे. एक तर त्याला मार, नाहीतर शेवटी तोच खलनायक निघू दे."

मी म्हटलं, "सर, तो मार्गदर्शक नाहीच. तो हद्द आहे. त्याचा आवाज आहे तोवर तुम्ही गावात आहात, एवढंच त्याचं काम."

"दिसतो तर मार्गदर्शकासारखाच!"

सगळा घोळ या एका वाक्यात आहे. दाढीवरून नाव दिलं की औषधही दाढीचंच होतं. राखणदार काढून बघितला असता तर लगेच कळलं असतं की ज्ञान वगैरे काही कमी होत नाही, भीतीची मोजपट्टी तेवढी जाते. त्याचं खरं भावंड म्हणजे गोष्टीतली ती रेषा, ते कुंपण, ती शेवटची वस्ती जिच्यानंतर दिवे नाहीत. पण शीटमध्ये 'हद्द' असा ट्रोप नव्हता, म्हणून तो जगातही नव्हता.

मग शेवटच्या प्रकरणात घुंगरं मुलीला मुद्दाम दलदलीत नेतात असं ठरलं. बैठकीत टाळ्या पडल्या. चाचणीसाठी गेम आमच्या गावी नेला, चुलतभावाच्या घरी चार-पाच पोरं जमली होती. त्यातला सातवी-आठवीतला एकजण दलदलीत बुडाला, त्याने कंट्रोलर शांतपणे खाली ठेवला आणि म्हणाला, "राखणदार अशें करचो ना." म्हणजे, राखणदार असं करणार नाही. त्याला धक्का बसला नव्हता. गेम बनवणाऱ्यांना आपल्याकडचं काही माहीत नाही, एवढंच त्याला कळलं होतं. बाकीच्यांनी पुन्हा सुरुवातीपासून खेळताना घुंगरांकडे लक्ष देणंच सोडलं आणि भिंतीला घासत घासत वाट काढायला लागले. ज्या आवाजावर सगळा गेम उभा होता तोच गेला. कादंबरीत एखादं पात्र खोटं निघालं तर वाचक मागची पानं नव्या नजरेने आठवतो. गेममध्ये खुणेचा आवाज खोटा निघाला तर खेळणाऱ्याच्या हातातलं हत्यारच मोडतं. तेव्हा गेममधला ट्रोप ओळखताना किंमत कोण मोजतं तेही बघा, पात्र की खेळणारा? 'फायनल फँटसी सेव्हन' (1997) मध्ये एरिथ मरते तेव्हा लोक अजून हळहळतात, कारण प्रिय पात्राच्या मरणाबरोबर आपण तासन् तास वाढवलेली सोबतीणही हातची जाते. पुस्तकात हा दुसरा घाव घालताच येत नाही.

आणि 'मार्गदर्शकच शत्रू' हे म्हणे नवीन! 2007 या एकाच वर्षात 'बायोशॉक' आणि 'पोर्टल' हे दोन्ही गेम आले आणि दोन्हींत कानात बोलणारा आवाजच वैरी. 'बायोशॉक'मध्ये ते इतकं लागतं कारण रेडिओवरचा माणूस सांगेल ते आपण बिनविचार करत आलेलो असतो, गेममध्ये सगळेच करतात, आणि मग गेम तेच बिनविचार ऐकणं आपल्या तोंडावर मारतो. आमच्या गेममध्ये घुंगरांमागे जाण्यात बिनविचार काही नव्हतं. काळोख होता. उलटापालट करायची असेल तर कामाची करायला हवी, दाढीची करून काय मिळणार? हे मी तेव्हा मेलमध्ये लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं, 'इंटरेस्टिंग पॉइंट.' पुढे गेम अर्धवटच राहिला, पैशांमुळे, आणि मीही ती नोकरी सोडली.

साचे नावांशिवायही कसे कळतात ते मी घरीच पाहिलं. माझा मामा दशावतारात, आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, काम करायचा. तिथे लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आज कुठलं आख्यान ते नाईक सांगतो, राजपार्ट कुणाचा, स्त्रीपार्ट कुणाचा, कपटी प्रधान कोण, नारद कधी येणार, एवढं ठरतं आणि तोंडाला रंग लागतो. संवाद ज्याचे त्याने उभ्याउभ्या बोलायचे. समोर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच कैलास. साचे पक्के माहीत असल्याशिवाय हे रात्रभर चालूच शकत नाही. मामाला 'ट्रोप' हा शब्द ऐकून ठाऊक नसेल, पण नव्या पोराला तो सांगायचा, "शाप दिलास तर उःशाप कुणाच्या तोंडी आहे ते आधी विचारून घे. नायतर पहाट होईल आणि तू दगडच राहशील." शाकुंतलातला दुर्वासाचा शाप आणि ओळखीची अंगठी त्याच घरातली. हिरण्यकशिपूचा वर, ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, आणि मॅकबेथला मिळालेलं भाकीत, की बाईच्या पोटी जन्मलेला कुणी तुला मारू शकणार नाही, हेही एकच: अट इतकी घट्ट बांधायची की तिच्यातली फट हाच शेवट व्हावा. दशावतार बघितलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्या सीनियरांनी तो कधी बघितला नव्हता. 'ट्रिकसीनवालं, चमत्कारांचे देखावे दाखवणारं ना ते?' म्हणून हसले होते.

नाट्यशास्त्रात तर कथेच्या भागांना कामावरूनच नावं आहेत: बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य. पताका म्हणजे मुख्य कथेला लागून लांबवर चालणारं उपकथानक, रामायणातलं सुग्रीवाचं. प्रकरी म्हणजे छोटा प्रसंग, आला, मुख्य कथेला हातभार लावला, संपला, शबरीचा. कुठल्याही मोठ्या गेममधले साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य वाटेबाहेरच्या जादा कामगिऱ्या, या दोन ढिगांत टाकून बघा. बरेचसे दोन्हींत बसणार नाहीत, कारण ते मुख्य कथेला काहीच देत नाहीत, नुसते तास वाढवतात. ते कंटाळवाणे का वाटतात ते कळायला तेवढं पुरे.

उलट, घिसंपिटं म्हणजे वाईट हेही मी मानत नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (1985) मध्ये सात किल्ले सर केले तरी दरवेळी तेच ऐकायला मिळतं, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. संकटातली राजकन्या, याहून जुनं काय असणार? पण तिचं तिथलं काम पुढच्या किल्ल्याकडे ढकलण्याचं आहे आणि ते ती चोख करते. तिला स्वतःचं काहीच करू दिलेलं नाही ही तक्रार रास्त आहे, मीही करते, पण ती वेगळी तक्रार. स्मृती गेलेला नायकही असाच बदनाम, आणि 'प्लेनस्केप टॉरमेंट' (1999) मध्ये त्याच्याशिवाय गोष्टच उभी राहत नाही: खेळणाऱ्याला जगाचं काही माहीत नाही, तसंच नायकालाही नाही, आणि आपण कोण होतो हे शोधणं हाच खेळ.

थोडं मागे घेते. रूढ नावं अगदी निरुपयोगी नाहीत. चार लोक मिळून लिहीत असतील तर 'चेखवची बंदूक' म्हटल्यावर सगळ्यांना कळतं की पहिल्या अंकात भिंतीवर दिसलेली बंदूक पुढे उडायला हवी, अर्धा तास समजावत बसावं लागत नाही. परीक्षेला किंवा समीक्षा लिहायला बसला असाल तर रूढ नावंच वापरा, स्वतःची घडवू नका. आणि हे सगळं जिथे गोष्ट आहे तिथलं. टेट्रिसमध्ये शोधत बसू नका. वर स्पॉयलर झाले असतील तर ते गेम जुने आहेत, माफी मागणार नाही.

सुरुवात करायची तर खेळून झालेला, आवडलेला एकच गेम घ्या. जिथे जिथे पुढचं आधी कळलं ती जागा लिहा, शेजारी कशावरून कळलं ते, त्याच्या शेजारी काढून टाकलं तर काय कोसळेल ते. नावाचा रकाना सगळ्यात शेवटी, आणि अर्धा रिकामा राहिला तरी चालेल. रंग भरू नका. कुणी भरायला लावलेच, तर लाल खणातल्या पात्राला आधी विचारा की तू इथे नेमकं करतोस काय, आणि उत्तर येईपर्यंत त्याला मारू देऊ नका.