भावाला माफ केलं, मग दावापण सोडू का?

प्रश्न: सलाम पाळक साहेब. बाबा गेल्यावर भावाने "बँकेच्या कर्जाला तुझी सही लागते" असं सांगून मला रजिस्ट्री ऑफिसला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. मागच्या वर्षी सातबारा काढला तर माझं नावच नाही. आता तो चर्चच्या मंडळीत रडून माफी मागतो, जमिनीचं मात्र बोलत नाही, आणि सगळे मलाच सांगतात की साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची, कोर्टात जायचं नाही. तो पुढच्या बाकावर असतो म्हणून मी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीलापण जात नाही. काय करू?
– एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: ताई, सलाम. साताच्या सत्तर वेळा हे प्रभूचंच वचन आहे, त्यातून तुमची सुटका नाही आणि माझीपण नाही. पण ते ऐकवणाऱ्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तोच 18 वा अध्याय जरा वरून वाचावा, 15 व्या वचनापासून. भावाने अपराध केला तर एकांतात त्याला त्याचा दोष दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. म्हणजे अपराध झाकायला कुणी सांगितलेलंच नाही!

बायबलमधल्या योसेफाचं बघा ना. भावांनी चांदीच्या 20 नाण्यांना विकलं, पुढे तो मिसरात (इजिप्तमधे) मोठा अधिकारी झाल्यावर तेच धान्यासाठी त्याच्यासमोर वाकले, आणि त्याने ओळखूनसुद्धा लगेच गळ्यात गळा घातला नाही, शिमोन या भावाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामीनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला. लोक याला सूड म्हणतात, मला नाही पटत, कारण मधेच तो बाजूला जाऊन रडलाय (उत्पत्ती 42:24). त्याला एवढंच बघायचं होतं की ही माणसं आपला जीव वाचवायला परत एका भावाला सोडून देतात का. आणि ज्या यहूदा नावाच्या भावाने त्याला विकायचं सुचवलं होतं तोच म्हणाला, पोराला जाऊ द्या, मला गुलाम ठेवा. तेव्हा कुठे योसेफाने ओळख दिली, तीपण बाकी सगळ्यांना बाहेर काढून. मनातला राग त्याने आधीच सोडला असेल, भरवसा मात्र बघून ठेवला.

तुमचा भाऊ रडतो, चांगलंय, पण लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराने प्रभूला भेटल्यावर चौपट परत करतो म्हटलं होतं. यांनी निदान तुमचा हिस्सा तरी द्यावा.

कोर्टाबद्दल प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात रागावलाय हे खरं (1 करिंथ 6), अन्याय सोसा असंही म्हणालाय, पण त्याच ठिकाणी विचारलंय की भावाभावांचा निवाडा करणारा एकही शहाणा तुमच्यात नाही का, आणि भावांनाच लुबाडणाऱ्यांनाही झापलंय. म्हणून आधी पाळक आणि दोन वडील मंडळींसमोर बसा, भावाला कागद घेऊन बोलवा, तारीख ठरवून घ्या. ख्रिस्ती वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यात मुलगा-मुलगी सारखेच. आणि फसवून घेतलेला दस्त रद्द करायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांचीच मुदत असते, त्यातलं एक वर्ष गेलंय, तेव्हा वकिलाला आत्ताच भेटून ठेवा, बैठकांमधे वेळ घालवू नका. मनात वैर न धरतापण दावा लावता येतो ताई.

प्रभुभोजनाला मात्र या रविवारी जाच. ते मेज तुमच्या भावाचं नाही, आणि आपल्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या शिष्याचा हात आपल्याबरोबर मेजावर आहे हे माहीत असूनसुद्धा प्रभू त्या रात्री उठून गेला नाही (लूक 22:21).