नॅरोबोटवर राहायला जाताय?

निवृत्तीनंतर घर विकून इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांबट अरुंद बोटीत, राहायचं ठरवलंय, तर बोट विकत घेण्याआधी जानेवारीत एक आठवडा भाड्याच्या बोटीत काढा. उन्हाळ्यात ते आयुष्य कुणालाही आवडतं.

लांबीचा मोह आवरा. रुंदी सात फुटांच्या आतच असते, कारण जुने अरुंद लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, तेवढेच रुंद. 57 फुटांची बोट जवळजवळ सगळीकडे जाते.

बोट बांधायची कायमची जागा भाड्याने घेतली नाहीत, तर 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. तुमच्या वयात औषधं आणि डॉक्टरांच्या वेळा असतात. सुरुवातीला जागा घ्याच, थोडी महाग पडली तरी.

लॉक नीट शिका. खाली उतरताना बोटीचा मागचा भाग भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढेच ठेवा. तो आतल्या दगडी उंबऱ्यावर अडकला की पाणी उतरत जातं आणि बोट कलंडून बुडू शकते. सुकाणू आणि लॉकचं पाणी सोडायचं हँडल, दोन्ही कामं दोघांनाही यायला हवीत. नेहमी वहिनींनाच हँडल फिरवायला लावू नका.

शौचालयाची टाकी सुटी असेल, तर ती दर दोन-तीन दिवसांनी उचलून रिकामी करावी लागते आणि भरली की चांगलीच जड होते. गुडघे दुखत असतील तर आधी याचाच विचार करा.

शेगडी पेटती ठेवून झोपणार असाल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे पाहा. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, वाफेने भिंती ओल्या होतात.