सर्वो फिरला की बोर्ड बंद पडतो!

प्रश्न : दादा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी चार सर्वोंचा रोबोटिक आर्म बनवलाय. तीन छोटे निळे एसजी ९० आणि खांद्याला एक एमजी ९९६ आर. एकच छोटा सर्वो लावला तर मस्त चालतं, पण चारही लावले की अर्डुइनो उनो (सर्वो चालवणारा, प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड) सारखा रिसेट होतो, कधीकधी लॅपटॉपवरून पोर्टच गायब होतो. सगळ्यांच्या लाल वायरी ब्रेडबोर्डवरून (सोल्डर न करता वायरी खोचायची पट्टी) बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनला दिल्यात. कोड दहा वेळा तपासला. मित्र म्हणतो बोर्ड डुप्लिकेट आहे, नवीन घे. घेऊ का?
— डिप्लोमा दुसरं वर्ष, इचलकरंजी

उत्तर : अरे थांब, नको घेऊस! बोर्ड बिचारा ठीक आहे, तू त्याच्याकडून हमाली करून घेतोयस. तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ, लाल वायरी बोर्डच्या ५ व्होल्टला. सर्वो म्हणजे आत गिअर लावलेली मोटर, नुसता उभा असताना फारसं काही खात नाही, पण सुरू होताना किंवा कुठे अडकला की करंट एकदम वर जातो. एसजी ९० अडकला तर ७०० मिलिअँपच्या आसपास, आणि तो खांद्यावरचा दांडगट ६ व्होल्टला अडीच अँपपर्यंत. चौघांनी एकदम जोर लावला तर साडेचार अँपच्या वर गेलं, आणि उनोच्या यूएसबीवर फ्यूज आहे ५०० मिलिअँपचा! मग व्होल्टेज खाली बसतं, चिप रिसेट होते, पुन्हा सुरू झाली की कोड पुन्हा सर्वो हलवतो, पुन्हा रिसेट. तुला वाटतं कोड चुकला.

आता असं कर. बोर्डवरून सर्वोला फक्त सिग्नलची वायर जाऊ दे, नारिंगी किंवा पिवळी, काही कंपन्यांची पांढरी असते. त्यातून करंट जवळजवळ जातच नाही, दर २० मिलिसेकंदाला एक ते दोन मिलिसेकंदाचा पल्स जातो आणि त्याच्या लांबीवरून सर्वोला कळतं किती वळायचं. लाल वायरींना वेगळी सप्लाय दे, तुझ्या आर्मला ५ व्होल्ट, ५ अँप किंवा त्याहून जास्त. जास्त अँपची घेतली म्हणून सर्वो जळत नाही, त्याला हवा तेवढाच करंट तो ओढतो, जाळतं ते जास्तीचं व्होल्टेज. पत्र्याच्या डब्यातली एसएमपीएस (घरच्या विजेपासून ५ व्होल्ट करणारी सप्लाय) घेतलीस तर तिच्या एका बाजूला २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, त्यावर झाकण बसवल्याशिवाय प्लग लावायचा नाही, इथे ऐकून घे माझं.

आणि सगळ्यात जास्त पोरं जिथे फसतात ते म्हणजे ग्राउंड. सर्वोच्या चॉकलेटी वायरी, सप्लायचा मायनस आणि अर्डुइनोची जीएनडी (ग्राउंड) पिन, तिन्ही एकत्र जोडायचे, नाहीतर सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हेच सर्वोला कळत नाही आणि तो थंडी वाजल्यासारखा थरथरतो. सप्लायचा प्लस आणि बोर्डची ५ व्होल्टची पिन मात्र एकत्र करायचे नाहीत, यूएसबी लावलेली असताना तर नाहीच.

ब्रेडबोर्डवरून एवढा करंट नेऊ नकोस, आतल्या पट्ट्या नाजूक असतात, मी स्वतः एक वितळवलाय आणि त्याचा वास दोन दिवस खोलीत होता. जरा जाड वायर आणि स्क्रूवाला टर्मिनल वापर. सर्वोंच्या जवळ प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर टाक, अचानक लागणारा झटका तो सांभाळतो. उलटा लावलास तर फुटेल, पांढरा पट्टा मायनसकडे.

प्रश्न : मुलगा ईएसपी ३२ (अर्डुइनोसारखाच छोटा बोर्ड) वर रोबोट करतोय, दोन १८६५० सेलचा (चार्ज होणारे लिथियम सेल) पॅक थेट सर्वोला जोडू का विचारतो. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी पण घरात आहे.
— एक आई, नाशिक

उत्तर : दोन्ही नको ताई. ९ व्होल्टवाली पुरेसा करंटच देत नाही, सर्वो हलला की ती मान टाकते. दोन सेल फुल चार्ज असताना ८.४ व्होल्ट देतात आणि या छोट्या सर्वोला ४.८ ते ६ चालतात. मध्ये बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट) लावायला सांगा, आणि सर्वो जोडायच्या आधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट सेट करून घ्यायचे. ईएसपीचा ३.३ व्होल्टचा सिग्नल बहुतेक सर्वोंना पुरतो, फक्त ५ व्होल्टची वायर चुकून ईएसपीच्या सिग्नलच्या पिनला लागायला नको. त्या कन्व्हर्टरचा छोटा पितळी स्क्रू सुरुवातीला बरेच फेरे फिरवला तरी व्होल्टेज हलत नाही, खराब आहे समजून दुकानात परत देऊ नका, फिरवत राहा.