ओवाळलेला भाऊ

प्रिय मावशी,
मी २८ वर्षांची, मूळची नाशिकची, नोकरीमुळे पुण्यात. मी चौदाची असताना बाबा गेले. पाच वर्षांपूर्वी आईने दुसरं लग्न केलं. काका (मी त्यांना काकाच म्हणते) विधुर होते. त्यांचा मुलगा आता ३१ वर्षांचा आहे, तोही पुण्यातच असतो. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात त्याच्या आत्यांनी मला त्याला राखी बांधायला लावली, दिवाळीत ओवाळायलाही बसवलं. आम्ही एका घरात कधी राहिलो नाही, सणावारी भेटायचो तेवढंच. पुढे पुण्यात भेटी वाढल्या आणि दीड वर्षापासून आम्ही प्रेमात आहोत. घरी कुणालाही माहीत नाही. आई स्थळं बघतेय, पुढच्या महिन्यात ठाण्याचे लोक येणार आहेत. अशात मी ‘लव्हर्स ऑफ द आर्क्टिक सर्कल’ हा स्पॅनिश सिनेमा पाहिला. त्यातली दोघंही आमच्यासारखीच. शेवट पाहून झोप उडाली. आम्ही पाप करतोय का? माझ्यापायी आईचा संसार मोडेल का?
— दोन घरांची मुलगी

पोरी,

तो सिनेमा मी पाहिला होता, म्हणून तुझी झोप का उडाली ते कळलं. पत्र वाचल्यावर पुन्हा पाहिला. हुलिओ मेदेम या बास्क दिग्दर्शकाचा, १९९८चा. तू तो पाहिलास ओटो आणि आनाचं पुढे काय होतं याच्या धास्तीने. मी या खेपेला मोठ्या माणसांकडे लक्ष ठेवून पाहिला. वयाचा परिणाम असेल.

आठ वर्षांची दोन मुलं शाळेबाहेर भेटतात. त्याच्या आईबापाचं फाटलेलं, तिचे वडील नुकतेच गेलेले. पुढे त्याचे बाबा आणि तिची आई एकत्र येतात आणि ज्या मुलीवर ओटोचा जीव जडलाय, तीच नात्याने बहीण होते. स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा पुन्हा आला तोच मुळी १९८१मध्ये, त्यामुळे अशी जोडलेली घरं त्या पिढीला नवीनच होती. या नात्यात कुणी कसं वागायचं हे सांगायला घरात आजी नव्हती, कारण आजीनेही असं घर पाहिलेलं नव्हतं. तुझ्या घरातही नेमकं तेच झालंय. फरक इतकाच, की तुझ्याकडे आत्या होत्या आणि त्यांना एकच रीत माहीत होती. घरात मुलगा आहे, मुलगी आली, आणा राखी.

तर आधी राखीचंच बोलू, कारण तुझ्या मनाला खरं तेच टोचतंय. आपल्याकडे ‘मानलेला भाऊ’ असतो आणि ते नातं मला फार मोलाचं वाटतं. रक्ताच्या भावाने पाठ फिरवल्यावर मानलेल्या भावाने माहेरपण केलेल्या बायका मी पाहिल्यात. पण मानायचं कुणी? जिचा भाऊ तिने. तुला कुणी विचारलं होतं? तेवीस वर्षांच्या मुलीच्या हातात तबक दिलं आणि समोर एक अनोळखी तरुण पाटावर बसवला. तुम्ही दोघांनी तेव्हा आत्यांचा मान ठेवलात.

उद्या कुणी शास्त्र काढेल, म्हणून एक सांगून ठेवते. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम आणि यमीचा संवाद आहे. यमी त्याच्याकडे आपली इच्छा बोलून दाखवते आणि यम ठामपणे नाही म्हणतो. पण ती जुळी भावंडं आहेत. तिथे आखलेली रेघ मलाही मान्य आहे. सख्खा भाऊ असता, निम्म्या रक्ताचा असता, किंवा रक्त वेगळं असूनही लहानपणापासून एका घरात भावंडं म्हणून वाढला असतात, तर हे उत्तर मी असं लिहिलं नसतं. त्या अर्थाने ओटो-आनाचा गुंता तुझ्यापेक्षा मोठा आहे.

आणि ‘सावत्र’ हा शब्द तरी बघ. तो सवतीवरून आलाय. बाप एक आणि आया दोन, की झाली सावत्र भावंडं. तुमचा बापही वेगळा, आईही वेगळी. तुमच्या नात्याला मराठीत नेमका शब्दच नाही, म्हणून लोकांनी शेजारचा उचलून चिकटवला. कायदा इथे भाषेपेक्षा नेमका आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावाचं लग्न निषिद्ध ठरवलंय आणि त्यात आई किंवा बाप यांपैकी एकच सामाईक असलेली भावंडंही येतात. दत्तक नातंही धरलंय. पण आईबापाने मागाहून लग्न केल्यामुळे एका घरात आलेली, रक्ताचा संबंध नसलेली दोघं त्यात बसत नाहीत. काकांनी तुला दत्तक घेतलेलं नाही. तेवीस वर्षांच्या मुलीला सहसा घेताही येत नाही, कायद्यात वयाची अट पंधराच्या आतली आहे. तरी एकदा वकिलाला कागदपत्रं दाखव, मनातली रुखरुख जाईल. (गंमत अशी, की ज्या आत्या तुम्हाला बोल लावतील त्यांच्याच नात्यात कुणी मामाच्या मुलीशी लग्न केलेलं निघेल. ते रक्ताचं नातं, पण रूढी म्हणून चालतं. स्पेनमध्ये तर न्यायाधीशाची परवानगी काढून काका-पुतणीला लग्न करता येतं. कोणतं नातं वर्ज्य, हे गावोगाव बदलतं.)

पाप नाही. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही.

सिनेमात ओटो सख्ख्या आईला सोडून बाबांच्या घरी राहायला जातो. कारण कुणालाच सांगत नाही, आईला तर नाहीच. आनाजवळ राहता यावं एवढंच ते कारण. ती बाई एकटी पडते आणि एकटीच मरते. तो अपराध ओटोला पेलत नाही, तो आनालाही सोडून निघून जातो. पुढचे सगळे योगायोग, फिनलंड, मध्यरात्रीचा सूर्य, झाडात अडकलेलं पॅराशूट, हे त्यानंतरचं. त्या घराचा घास प्रेमाने घेतला नाही, लपवाछपवीने घेतला. आणि तू विचारतेस आईच्या संसाराचं, तर आठव, आनाची आई ओटोच्या बाबांना सोडते ती दुसऱ्या माणसासाठी. त्याचा मुलांशी काही संबंध नाही. आईबापांचे संसार त्यांच्या त्यांच्या कारणांनी टिकतात नि मोडतात. एवढा भार तू डोक्यावर घेऊ नकोस.

मात्र आई घाबरेल, हे धरून चाल. पन्नाशीला आलेल्या विधवेने लग्न केलं तेव्हा तिने काय काय ऐकलं असेल याची तुला कल्पना असेलच. आता नणंदा म्हणतील, ‘स्वतः आली ती आली, मुलीचीही सोय लावून घेतली.’ ते वाक्य तिच्या कानात आधीच वाजेल आणि पहिला राग तुझ्यावर निघेल. निघू दे.

नाशिकला जाऊन सांग, फोनवर नको, सणाच्या दिवशी तर मुळीच नको. एकटीने सांग. आणि त्याच दिवशी त्याने त्याच्या वडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हे मी अडून सांगतेय. तू आईला सांगितलंस आणि तो महिनाभर धीर गोळा करत बसला, तर तुझ्या आईला नवऱ्यापासून हे लपवून त्याच घरात वावरावं लागेल. मग मात्र तिच्या संसाराला खरोखर तडा जाईल. तो तयार नसेल, तर तो का तयार नाही हे तुला लग्नाआधी कळलेलं बरं.

अजून एक गोष्ट दोघांनी बसून बोला. दीड वर्ष चोरून भेटण्याची एक वेगळी गोडी असते. सगळ्यांना कळल्यावर, भाजी आणायला उघडपणे सोबत जायला लागल्यावर काय उरतं ते पाहा. लग्नाची घाई करू नका. कारण तुमचं फिसकटलं तर इतर जोड्यांसारखं तोंड फिरवून जाता येणार नाही. दर दिवाळीला एकाच पंगतीत बसायचंय, वाढणारी तुझी आई असेल.

सिनेमाच्या शेवटी एका रूपात आना ओटोला मिठी मारते, दुसऱ्यात रस्त्यावर बस येते. अख्खा सिनेमाच तसा आहे, तीच घटना एकदा त्याच्या नजरेतून, एकदा तिच्या. तू बसवाला शेवट घेऊन अंथरुणाला पाठ टेकलीस. तुझ्या वयाला मीही तोच घेतला असता.

राहता राहिली भाऊबीज. यंदा तबक हातात घेऊ नकोस. त्याच्या चुलत बहिणी असतीलच, त्या ओवाळतील. आणि ठाण्याच्या लोकांना आईकडून या आठवड्यातच नकार कळव. तो बिचारा मुलगा रजा टाकून येणार असेल.

तुझी,
मावशी