भरतनाट्यम सुरू करताना जमिनीला नमस्कार का करतात, कसा करतात?

ज्या भूमीवर पायांनी आघात करायचे, तिची आधी क्षमा मागायची, हा भाव. बाणीनुसार, म्हणजे नृत्यशैलीच्या परंपरेनुसार, थोडा फरक असतो, पण साधारणपणे उजवा, मग डावा पाय मारून मुरमंडीत, म्हणजे टाचा उचलून पूर्ण बैठकीत जायचं. बोटं जमिनीला टेकवून डोळ्यांना लावायची. हे डोळ्यांना लावणं घाईत गाळलं जातं, तेच फार खटकतं. कणा वाकवून हात लांब टेकवले तर तोल पुढे जातो. गुडघे बाजूला उघडे ठेवा, हात जवळच टेकवा.

उठल्यावर हात जोडून डोक्यावर देवाला, चेहऱ्यासमोर गुरूला, छातीशी सभेला नमस्कार. 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात अंजली हस्ताचा, म्हणजे जोडलेल्या हातांचा, हाच क्रम आहे, फक्त छातीशी सभेऐवजी विप्रांना, म्हणजे ब्राह्मणांना.